जळत्या विमानाकडे धावणारी माणसे

८ जून २०१९ रोजी गोव्यातल्या दाबोळी विमानतळाहून उड्डाण घेत असलेल्या नौदलाच्या मिग-२९के या लढाऊ विमानाची इंधनाची जादा टाकी धावपट्टीवर निखळून पडली, सांडलेल्या इंधनाने पेट घेतला आणि विमानतळ काही काळ बंद ठेवावा लागला. विमान सुखरूप राहिले, कोणाचा जीव गेला नाही. अशा बातमीत आपले लक्ष साहजिकच खोळंबलेल्या प्रवाशांकडे आणि लांबलेल्या उड्डाणांकडे जाते. पेटलेल्या धावपट्टीवर गाडी घालून ती आग विझवणारी, नंतर तिथले इंधन आणि टाकीचे तुकडे उचलून धावपट्टी पुन्हा वापरात आणणारी माणसे मात्र बातमीच्या एखाद्या ओळीत आटोपली जातात. त्यांना त्या क्षणी नेमके काय करावे लागते, त्यात धोका कुठे असतो आणि त्यांच्या शौर्याला शौर्य का म्हणायचे, हे समजून घेण्याजोगे आहे; गोव्यात राहणाऱ्यांना तर अधिकच, कारण दाबोळीची परिस्थिती देशातल्या बहुतेक विमानतळांपेक्षा वेगळी आहे.

पोर्तुगीज राजवटीत १९५० च्या दशकात हा विमानतळ मुरगाव तालुक्याच्या पठारावर उभा राहिला. डिसेंबर १९६१ च्या मुक्तिसंग्रामात भारतीय हवाई दलाने त्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, पुढे तो नौदलाच्या ताब्यात आला, आणि १९६४ पासून आयएनएस हंसा हा तळ तिथून चालतो. त्यामुळे एकाच धावपट्टीवर सुट्टीसाठी आलेल्या पर्यटकांची विमानेही उतरतात आणि शस्त्रे वाहू शकणारी लढाऊ विमानेही. ३ जानेवारी २०१८ रोजी याच ठिकाणी मिग-२९के उड्डाणाच्या वेळी धावपट्टीबाहेर गेले आणि पेटले. प्रशिक्षणार्थी वैमानिक वाचला आणि आग विझवण्यात आली. त्याआधी, १ ऑक्टोबर २००२ रोजी, नौदलाची दोन आयएल-३८ टेहळणी विमाने दाबोळीजवळ आकाशातच एकमेकांवर आदळली, तेव्हा दोन्ही विमानांतले बाराही नौसैनिक आणि जमिनीवरचे काही नागरिक मृत्युमुखी पडले. वास्को, चिखली, बोगमाळो, सांकवाळ या भागांतल्या जुन्या लोकांना तो दिवस विसरता येण्यासारखा नाही.

ग्राउंड क्रू म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पाना घेऊन इंजिनाखाली वाकलेला मेकॅनिक येतो. प्रत्यक्षात या नावाखाली बरीच वेगवेगळी माणसे मोडतात. इंजिन आणि विद्युत यंत्रणा तपासणारे तंत्रज्ञ आहेत, शस्त्रे चढवणारे आहेत, इंधन भरणारे आहेत, विमानाला हाताच्या खुणांनी जागेवर आणणारा मार्शलर आहे, ट्रॅक्टर आणि टो बारने विमान ओढणारे आहेत. भारतीय नौदलात ‘एअरक्राफ्ट हँडलर’ नावाची स्वतंत्र शाखाच आहे; विमाने हलवणे आणि विमानाच्या आगीला तोंड देणे ही दोन्ही कामे त्यांच्याकडे येतात. ही दोन कामे एकाच माणसाकडे का, याचे उत्तर पुढे येईल.

आग कुठे लागू शकते? उड्डाणातच नव्हे, तर विमान जागेवर उभे असताना, इंजिन सुरू करतानाही. इंधन आत आले पण नीट पेटले नाही, तर ते मागच्या नळकांड्यात साचते आणि थोड्या वेळाने भडकते. विमानाबाहेर अग्निशामक घेऊन उभा असलेला माणूस ही ज्वाला वैमानिकाच्या आधी पाहतो, कारण ती विमानाच्या शेपटाशी असते आणि वैमानिकाचे तोंड विरुद्ध दिशेला असते. इंजिनाच्या घरघरीत हाक मारून उपयोग नाही. म्हणून मार्शलर डाव्या हाताची कांडी आगीच्या जागेकडे रोखतो आणि उजव्या हाताची कांडी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पंख्यासारखी हलवतो. जगभर ठरलेली ही खूण पाहिली की वैमानिकाने काय करायचे तेही ठरलेले असते: इंधन तोडायचे, पण इंजिन फिरते ठेवायचे, म्हणजे आत येणारी हवा साचलेले इंधन आणि ज्वाला दोन्ही बाहेर ढकलते. बाहेरच्या माणसाची परीक्षा इथे आहे. हातात सिलिंडर आहे, समोर आग दिसते आहे, आणि तरीही काही सेकंद थांबायचे आहे, कारण घाईने इंजिनात पावडर मारली तर फुंकरीने विझणाऱ्या आगीपायी अख्खे इंजिन निकामी होईल. फुंकर पुरी पडली नाही, तर मात्र क्षणाचाही विलंब न करता पुढे जायचे आहे. ती सीमारेषा ओळखणे हे त्या माणसाचे कौशल्य.

ही झाली लहान आग. इंधनाची टाकी फुटली की सगळा हिशेब बदलतो. विमानाच्या सांडलेल्या इंधनाची आग हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापते आणि विमानाच्या सांगाड्यात भरपूर वापरलेले ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. बाहेरचे पातळ कवच अशा आगीत मिनिटभरात जळून भोक पडू शकते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार विमानतळाच्या अग्निशमन गाडीने वापरातल्या धावपट्टीच्या कोणत्याही भागापर्यंत तीन मिनिटांच्या आत पोहोचायला हवे आणि ध्येय दोन मिनिटांचे ठेवायचे असते, ते याच कारणाने. दोन मिनिटे ऐकायला कमी वाटतात, परंतु आत अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने ती फार आहेत. क्रॅश टेंडर, म्हणजे ही अग्निशमन गाडी, येईपर्यंतच्या त्या वेळेत विमानाजवळ जो कोणी उभा असेल, त्याच्यावरच सगळी भिस्त असते, आणि तो बहुतेक वेळा अग्निशमन दलाचा माणूस नसून चाकांना चॉक (अडसर) लावायला आलेला एखादा तरुण तंत्रज्ञ असतो.

इंधनाची आग पाण्याने का विझत नाही, हे आपल्या स्वयंपाकघरात ज्यांनी कढईतले तेल पेटलेले पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको: पाणी जड म्हणून तळाशी जाते, तिथे उकळून उसळते आणि पेटते तेल चहूकडे फेकते. विमानाच्या इंधनाचेही तसेच. ते पाण्यावर तरंगते आणि पाण्याबरोबर जळत जळत वाहत जाते. म्हणून क्रॅश टेंडर फोम मारतात. पाण्यात फोमचे द्रावण अवघ्या काही टक्के मिसळले की इंधनावर एक सलग थर पसरतो, वाफ आणि हवा यांची गाठ पडू देत नाही आणि खालून थंडावाही देतो. या थराची एकच अट आहे. तो एकदा पसरला की त्यात पाय घालायचा नाही, त्यावर दुसऱ्या नळाचे पाणी सोडायचे नाही. थर फाटला की खालचे इंधन पुन्हा पेटते.

इंधनही एका प्रकारचे नसते. प्रवासी विमानांत वापरले जाणारे जेट ए-१ हे इंधन ३८ अंशांपासून पेटण्याजोगी वाफ देऊ शकते, आणि एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडच्या काँक्रीटला ते तापमान सहज ओलांडता येते. विमानवाहू जहाजांवर मात्र ६० अंशांच्या वर वाफ देणारे इंधन वापरतात, कारण जहाजावर आगीपासून दूर पळायला जागा नसते.

लढाऊ विमान पेटले की त्यात इंधनाखेरीज इतर अनेक गोष्टी धोकादायक ठरतात आणि त्या प्रत्येकीची वागण्याची रीत वेगळी असते. तापलेल्या ब्रेकचे चाक फुटले तर त्याचे तुकडे धुऱ्याच्या दिशेने, म्हणजे बाजूंना उडतात, म्हणून चाकाकडे पुढून किंवा मागून जायचे, बाजूने कधीच नाही. रॉकेट आणि क्षेपणास्त्रे ज्या दिशेला तोंड करून आहेत त्या रेषेत आणि त्यांच्या मागे उभे राहायचे नाही. इंजिन चालू असेल तर त्याच्या तोंडाजवळ गेलेला माणूस आत ओढला जाऊ शकतो. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा भाग पेटला तर पाण्याने तो अधिकच भडकतो. आणि वैमानिक ज्यावर बसलेला आहे ती इजेक्शन सीट स्वतःच एक स्फोटक यंत्र आहे. बेशुद्ध वैमानिकाला ओढून काढताना तिच्या हँडलला चुकून हिसका बसला, तर वैमानिक आणि वाचवणारा दोघेही संपतील. त्यामुळे कॉकपिटपाशी पोहोचलेल्या माणसाला ज्वाला बाजूला असतानाही आधी सीट निकामी करणाऱ्या पिना जागच्या जागी बसवायच्या असतात, मग पट्टे सोडायचे, ऑक्सिजनची नळी आणि इतर जोडण्या काढायच्या आणि मगच वैमानिकाला उचलायचे. हातात जाड मोजे, अंगात उष्णता परतवणारा चंदेरी पोशाख, समोर धूर. हा क्रम डोळे मिटून हातांना यावा लागतो, आणि तो येण्यासाठी शांत दिवसांत शेकडो वेळा करून पाहण्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

या सगळ्याचा सर्वांत कठोर धडा २९ जुलै १९६७ रोजी अमेरिकी नौदलाला मिळाला, आणि आज जगातल्या अनेक नौदलांच्या प्रशिक्षणात तो कुठे ना कुठे डोकावतो. व्हिएतनामजवळ टोंकिनच्या आखातात यूएसएस फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर विमाने उड्डाणाच्या तयारीत होती. विजेच्या यंत्रणेतल्या दोषाने एका फँटम विमानावरचे झुनी रॉकेट आपोआप सुटले आणि समोरच्या विमानाच्या इंधनाच्या टाकीत घुसले. इंधन डेकवर पसरून पेटले आणि विमानांवर लावलेले बॉम्ब त्या आगीत सापडले. जेराल्ड फॅरिअर हे डेकवरच्या अग्निशमन पथकाचे प्रमुख होते. अंगावर संरक्षक पोशाख चढवण्यातही वेळ न घालवता, हातात कोरड्या पावडरचे एक सिलिंडर घेऊन ते थेट आगीत पडलेल्या बॉम्बकडे धावले. बॉम्ब थंड ठेवला तर त्यांच्या माणसांना नळ घेऊन पुढे यायला वेळ मिळेल, हा त्यामागचा विचार होता आणि तो चुकीचा नव्हता. शिकवणुकीप्रमाणे अशा बॉम्बला आगीत फुटायला दहा मिनिटांच्या आसपास वेळ लागायला हवा होता. परंतु आदल्याच दिवशी जहाजावर आलेल्या साठ्यातले काही बॉम्ब जुन्या घडणीचे होते आणि त्यांतले स्फोटक उष्णतेला फार लवकर बळी पडणारे होते. फॅरिअर यांना बॉम्बचे कवच लालबुंद होताना दिसले, त्यांनी आपल्या माणसांना मागे हटायला ओरडून सांगितले, आणि आग लागल्यापासून सुमारे दीड मिनिटात बॉम्ब फुटला. ते स्वतः गेले, आणि त्यांच्याबरोबर पुढे आलेले प्रशिक्षित पथकही जवळपास सगळे गेले.

पुढे जे घडले ते मला या घटनेतले सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. प्रशिक्षित माणसे गेल्यावर इतर खलाशी पुढे सरसावले. त्यांच्या धैर्यात तीळमात्रही कमतरता नव्हती. स्फोट चालू असताना ते नळ ओढत होते, बॉम्ब आणि क्षेपणास्त्रे हातांनी उचलून समुद्रात फेकत होते. मात्र आग विझवण्याचे शिक्षण त्यांतल्या अनेकांना मिळालेले नव्हते. एका बाजूने काहीजण फोमचा थर पसरवत होते आणि दुसऱ्या बाजूने काहीजण पाण्याने तो धुऊन काढत होते. जळते इंधन डेकला पडलेल्या भोकांतून खालच्या मजल्यांवर वाहत गेले. त्या दिवशी १३४ माणसे मेली आणि १६१ जखमी झाली. यानंतर अमेरिकी नौदलाने फक्त एका पथकाला नव्हे तर प्रत्येक खलाशाला आग विझवायला शिकवायचे ठरवले, आणि नॉरफोक येथील त्यांच्या अग्निशमन शाळेला फॅरिअर यांचे नाव दिले. भारतीय नौदलही नौसैनिकांना जहाजावरची आग, पूर आणि नुकसान यांना तोंड द्यायला शिकवते. त्याची एक महत्त्वाची शाळा लोणावळ्याला आयएनएस शिवाजी येथे आहे.

एअरक्राफ्ट हँडलरकडे विमान हलवण्याचे आणि आगीचे काम एकत्र का, हे आता सांगता येते, आणि त्यासाठी आणखी मागे, दुसऱ्या महायुद्धात जावे लागेल. २८ जून १९४४ च्या पहाटेच्या सुमारास इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये थॉलथॉर्प येथे कॅनडाच्या हवाई दलाच्या तळावर एक हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमान तीनच इंजिनांवर उतरताना, बॉम्ब भरून उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानावर आदळले. आदळलेल्या विमानाचे तीन तुकडे झाले आणि ते पेटले. तळावर आलेले एअर कमोडोर ड्वाइट रॉस आणि ग्राउंड क्रूमधले कॉर्पोरल मार्के यांनी जखमी वैमानिकाला बाहेर ओढले, तोच शेजारच्या विमानातले दहा बॉम्ब एकदम फुटले आणि सगळे जमिनीवर फेकले गेले. धूळ खाली बसली तेव्हा शेपटाच्या तोफखोलीतून हाका ऐकू आल्या. दोघे पुन्हा आत गेले. खोलीची काच कुऱ्हाडीने फोडून, ती कुऱ्हाड आतल्या तोफचीच्या हातात देऊन त्याच्याकडूनही भोक मोठे करवून घेऊन, फ्लाइट सार्जंट सेंट जर्मेन यांच्या मदतीने त्यांनी त्याला बाहेर काढले. त्याच वेळी आणखी एक बॉम्ब फुटला. सेंट जर्मेन उठले आणि उडणाऱ्या तुकड्यांपासून वाचवण्यासाठी जखमी माणसाच्या अंगावर आडवे पडले. रॉस यांचा हात मनगट आणि कोपर यांच्या मधोमध जवळपास तुटला होता. ते शांतपणे चालत रुग्णवाहिकेकडे गेले. पुढे त्यांना जॉर्ज क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदकांपैकी एक पदक मिळाले.

या प्रसंगात बहुतेक लोक रॉस यांचा हात लक्षात ठेवतात आणि ते योग्यच आहे. माझ्या मते मात्र कॉर्पोरल मार्के यांनी याच धामधुमीत केलेली आणखी एक गोष्ट तितकीच मोलाची आहे, आणि सन्मानपत्रात तिची नोंदही आहे. आजूबाजूला नजर टाकताना त्यांना दिसले की पेट्रोल जवळच्या दोन विमानांच्या दिशेने वाहत चालले आहे. त्यांनी ट्रॅक्टर आणवून ती विमाने तिथून हलवायला लावली. स्फोटाने एकदा आपटलेल्या माणसाचे लक्ष समोरच्या ज्वाळेतच अडकून पडते. मान वळवून पुढची आग कुठे लागणार आहे हे पाहणे, आणि ती लागण्याआधी तिच्या वाटेतले जळण्याजोगे काढून घेणे, यासाठी वेगळ्याच प्रकारचे डोके लागते. आग विझवणाऱ्यालाच विमान हलवताही यायला हवे ते यासाठी. विमानतळावरच्या आगीत मोठी हानी टळते ती पुष्कळदा अशा कामामुळे. त्याचे छायाचित्र निघत नाही, कारण जे पेटले नाही त्याचे काय छायाचित्र काढणार?

शौर्याच्या आपल्या कल्पनेत जिवावर उदार होऊन आगीत उडी घेणाऱ्याला पहिला मान असतो, आणि तो मान मला कमी करायचा नाही. फॅरिअर धावले नसते तर त्या दीड मिनिटात आणखी किती माणसे बॉम्बच्या आसपास असती कोण जाणे. पण त्यांच्या धावण्यातही अंदाज होता, हिशेब होता, आणि शेवटच्या क्षणी माघारीची आज्ञाही होती. जो माणूस वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो, चाकाच्या धुऱ्याच्या रेषेतून बाजूला होतो, फोमच्या थरात पाय टाकत नाही आणि पिना बसवूनच वैमानिकाला उचलतो, त्याचे धैर्य त्या शिस्तीतच आहे. आपल्याकडे १९६० मध्ये सुरू झालेले नौसेना पदक शौर्यासाठी दिले जाते, आणि शांततेच्या काळातल्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र हे सन्मान आहेत. परंतु आग लहान असतानाच ती ओळखून विझवली गेली, तर त्या दिवसाची नोंद फक्त कामाच्या वहीत होते. मला ही गोष्ट खटकते, आणि ती बदलण्याजोगी आहे असे वाटते.

आणखी एक धोका असा आहे की जो त्या दिवशी दिसतच नाही. विमानाच्या आगीचा धूर लाकडाच्या धुरासारखा नसतो. त्यात जळलेले प्लॅस्टिक, रंग, हायड्रॉलिक तेल आणि आधुनिक विमानांतले कार्बन तंतू असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचे काम हे माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातले. ज्या फोमने असंख्य जीव वाचवले त्यातली फ्लोरीनयुक्त रसायने माती-पाण्यात वर्षानुवर्षे टिकून राहतात, म्हणून जगभर आता त्या रसायनांविना चालणाऱ्या फोमकडे वळणे सुरू झाले आहे. अशा माणसांची नोकरी संपल्यानंतरही त्यांची नियमित वैद्यकीय तपासणी चालू राहायला हवी, हे म्हणणे कोणावर उपकार करण्याचे नव्हे.

शेवटी कुंपणाबाहेरचे. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी मिग-२९के विमानाला पक्षी आदळले, एक इंजिन बंद पडले, दुसऱ्याला आग लागली आणि ते वेर्णेच्या पठारावर कोसळले. दोन्ही वैमानिक सीटसह बाहेर पडून वाचले. असे विमान तळाबाहेर पडले की क्रॅश टेंडरच्या आधी पोहोचतात ते आसपासचे लोक, आणि त्या काही मिनिटांपुरते तेच जमिनीवरचे पथक ठरतात. धूर ज्या बाजूला चालला आहे त्याच्या उलट बाजूला उभे राहावे आणि अंतर राखावे. छत्रीने खाली आलेला वैमानिक दिसला तर त्याला बोलते ठेवावे, पाठीला किंवा मानेला इजा झाली असण्याची शक्यता धरून उगाच उठवून बसवू नये. पडलेली सीट, कॉकपिटची काच, टाकी किंवा विमानाचा कुठलाही तुकडा हाताळू नये, घरी तर मुळीच नेऊ नये. त्यांत न उडालेली स्फोटके असू शकतात आणि चौकशीलाही ते तुकडे पडल्या जागीच हवे असतात. ११२ वर फोन करून जागेचे नाव नीट सांगावे, जवळची देवळी, खुरीस (क्रॉस) किंवा शाळा सांगितली तर अधिक चांगले. आणि मोबाइल घेऊन जमलेल्या सगळ्यांनी आपापल्या दुचाक्या रस्त्यावरून बाजूला घ्याव्यात, कारण पठाराकडे जाणारे आपले रस्ते अरुंद आहेत आणि क्रॅश टेंडर अवजड असतो.